आधी पडायचं, मग लढायचं

कृष्णाकाठच्या गावात मारुतीचं देऊळ असलं की शेजारी तालीम असायचीच. कराडपासून मिरजेपर्यंत नदीच्या दोन्ही अंगांना ही जोडी अजून दिसते. कुठे तालमीचं छप्पर बसलेलं असतं, कुठे आत ग्रामपंचायतीच्या खुर्च्या रचलेल्या असतात, तर कुठे अजून पहाटे पाचला शड्डू ऐकू येतो. या तालमींचा इतिहास आपण सांगतो तो गदांचा आणि फेट्यांचा. कुणी कुणाला किती मिनिटांत आस्मान दाखवलं, कुठल्या मैदानात निकाली कुस्ती झाली, हे पारावर बसलेल्या माणसांना तोंडपाठ असतं. पण ज्याला आस्मान दाखवलं गेलं तो उठला कसा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा हौद्यात, म्हणजे तालमीतल्या कुस्तीच्या मातीत, उतरला कसा, हे कुणी लिहून ठेवलं नाही. माझ्या मते तालमीने या मुलखाला दिलेली सगळ्यांत मोठी विद्या तीच आहे. हाडं न मोडता पडायचं कसं, हे तिने पिढ्यानपिढ्या पोरांच्या अंगात उतरवलं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझं गाव पलूस तालुक्यात, काम मिरजेत. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल उभारलं तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचं गाव. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि पलीकडे बेळगाव-विजापूरकडचीही माणसं मोडलेली हाडं घेऊन इथे येतात. प्लास्टर निघालं की ती आमच्यासारख्यांकडे येतात. बाथरूममध्ये पाय सटकलेल्या आजी, मोटारसायकल घसरलेला कारखान्यातला कामगार, बांधावरून पडलेली शेतमजूर बाई, शाळेच्या फरशीवर पडलेलं पोर. सगळ्यांना एकच प्रश्न विचारला, पडलात कसे, की बहुतेकांचं उत्तरही एकच येतं: पडताना हात टेकला.

पुढे ताठ केलेल्या हातावर अंगाचा सगळा भार आला की मनगटाच्या जरा वर हाड मोडतं. डब्लिनच्या अब्राहम कोलीस या शल्यविशारदाने १८१४ साली, म्हणजे क्ष-किरण माहीतही नव्हते त्या काळात, या मोडीचं वर्णन लिहिलं. आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. म्हातारपणी मनगटाबरोबर खुबाही येतो, आणि खुबा मोडलेलं माणूस पुन्हा पहिल्यासारखं चालू लागेलच याची खात्री देता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे दगावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरच्या अपघातांखालोखाल पडण्याचा नंबर लागतो.

माझे आजोबा गावच्या तालमीचे वस्ताद होते. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. त्यांना कोलीस माहीत नव्हता, पण नव्या पोराला ते पहिल्या दिवशी जे सांगत ते माझ्या पुस्तकातल्या धड्यापेक्षा नेमकं होतं: ‘‘पडलास तर पड, पन गोळा होऊन पड. जमिनीला हात दाखवू नगंस.’’

या विद्येची सुरुवात मातीपासून होते. हौद्यात कुठलीही माती चालत नाही. लाल माती आणायची, ती चाळायची, खडा, काच, खिळा, मुळी काही राहू द्यायचं नाही. मग तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, कापूर मुरवायचा. प्रमाण गावागावाचं वेगळं, ऐपतीप्रमाणे कमीजास्त. ताकाने माती ओल धरते, तेलाने धूळ उडत नाही आणि कातडी सोलत नाही, हळद-कापराने खरचटलेलं चिघळत नाही, अशी आबांची सांगणी. माती तयार झाली की नाही हे ते मुठीत धरून बघत. दाबल्यावर ढेकूळ व्हायला हवं आणि अंगठा लावताच ते फुटायला हवं. फुटलं नाही तर ओल जास्त, ढेकूळच झालं नाही तर ओल कमी. दोन्ही वेळा हौद्यात कुणाला उतरू देत नसत.

तयार मातीही रात्रीत बसते, म्हणून रोज पहाटे पहिलं काम हौदा उकरण्याचं. फावडं घ्यायचं आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत माती वीतभर खोल उलथी करायची, मग फळी ओढून सपाट करायची. पोरांना हा कंटाळवाणा व्यायाम वाटे. खांदे, कंबर, मांड्या त्यातून तयार होत हे खरंच, पण त्याचा दुसरा उपयोग मला शिकल्यावर कळला. उभं माणूस जमिनीवर आदळतं तेव्हा त्याच्या कमरेचा वेग साधारण ताशी १० ते १५ किलोमीटर असतो. तो वेग फरशीवर एका सेंटिमीटरच्या आत संपतो. उकरलेल्या मातीत अंग पाच सेंटिमीटर रुतलं, तर तोच वेग पाचपट अंतरात संपतो आणि हाडांवर येणारा सरासरी जोर पाचव्या हिश्श्यावर येतो. पहाटेचं ते अर्ध्या तासाचं फावडं म्हणजे त्या दिवशी पडणाऱ्या प्रत्येक पोराचा विमा होता. उतरण्याआधी वस्ताद हात पुढे करायला सांगत: नखं कापलेली, बोटात अंगठी नाही, गळ्यात ताईत नाही, मनगटात कडं नाही. मग माती कपाळाला लावायची आणि आत.

आत गेल्यावर डाव लगेच मिळत नसे. नवं पोर किती तरी दिवस कोलांट्या मारत राही. आधी बसून, मग उभ्याने, मग चालत येऊन. कोलांटीत डोकं मातीला लागता कामा नये. हनुवटी छातीला चिकटवायची, खांद्याची मागची बाजू आधी टेकवायची आणि अंग तिरकं, एका खांद्यावरून दुसऱ्या कुल्ल्याकडे वळवत न्यायचं. आबा पोराच्या हनुवटीखाली लिंबू धरायला सांगत. कोलांटीत लिंबू पडलं की ती कोलांटी धरायची नाही. पुढे मानेची मेहनत: पाठीवर झोपून टाचा आणि डोकं टेकायचं, मधलं अंग कमानीसारखं वर उचलायचं. याला पूल बांधणं म्हणतात. चीत होता होता खांदे मातीपासून वर ठेवायला तो लागतो. पण पुलासाठी मान जशी तयार होते, तशी ती पडतानाही डोकं मागे फेकलं जाऊ देत नाही. मागे पडणाऱ्या माणसाच्या डोक्याचा मागचा भाग आपटतो तो मान सैल सुटल्यामुळे. तालमीतल्या पोराचं डोकं सुटत नसे.

त्यानंतर वस्ताद पोराला मधे उभं करत आणि चारी बाजूंनी थोरली पोरं त्याला ढकलत. जोर बेताचा, पण कुठून येईल ते सांगायचं नाही. कारण खरं पडणं अर्ध्या-पाऊण सेकंदात होतं. तेवढ्या वेळात विचार करून काही करता येत नाही, अंगाला जे आधी ठाऊक असतं तेवढंच ते करतं. म्हणून पडणं इतक्या वेळा पडून घ्यायचं की भीतीच उरू नये. भीती उरली की अंग ताठ होतं, आणि ताठ अंगच मोडतं.

कुस्तीत पडण्याची एक अडचण मात्र फार खास आहे, आणि तिथेच आपल्या मातीची अक्कल दिसते. जपानमध्ये जिगोरो कानो यांनी १८८२ साली कोदोकान ही ज्युदोची शाळा काढली. तिथे पडण्याचा धडा सगळ्यांत आधी असतो: हनुवटी आत, पाठ गोल आणि हाताचा सबंध पंजा कोपरापर्यंत चटईवर आपटून धक्का वाटून टाकायचा. पाठीवर पडणं हाही तिथला सुरक्षित मार्ग. आपल्या कुस्तीत पाठ लागली की कुस्ती गेली. म्हणजे जे पडणं हाडांना सोयीचं, तेच पैलवानाला परवडत नाही. पाठ वाचवायला त्याचा जीव हात टेकायला धावतो आणि कोपर निखळतं.

यातून तालमींनी तिसरी वाट काढली. ढाक किंवा धोबीपछाडीसारखा डाव बसला, पाय जमिनीवरून सुटले, की हवेतच कमरेतून वळायचं आणि कुशीवर किंवा पोटावर पडायचं. कोपरं वाकलेली आणि अंगाशी, पंजे छातीजवळ, मांडी आणि दंडाची बाहेरची बाजू मातीला आधी लागेल अशा बेताने. मातीला लागताच थांबायचं नाही, त्याच गतीत पुढे सरकत बैठक धरायची. हे साधलं नाही आणि पाठ जाणारच असं दिसलं, तर सरळ पाठीवर जायचं. हात मोडून कुस्ती वाचवणाऱ्या पोरावर आबा चिडत. हरलेली कुस्ती पुढच्या जत्रेला परत लढता येते, निखळलेलं कोपर आयुष्यभर कुरकुरतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

निम्मी जबाबदारी पाडणाऱ्याची असे. सरावात ढाक मारणाऱ्याने समोरच्याचा धरलेला हात शेवटपर्यंत सोडायचा नाही, म्हणजे तो हात टेकायला मोकळा राहत नाही आणि डोकंही आपटत नाही. थोरला पैलवान धाकट्याला खेळवतो तेव्हा तो त्याला किती अलगद खाली ठेवतो यावरून वस्ताद थोरल्याची पारख करत. जोडीदाराला जायबंदी करणारा कितीही ताकदीचा असला तरी त्याला जोड मिळेनाशी होई, आणि जोड नसलेल्या पैलवानाची मेहनत वाया जाते.

ही विद्या किती जुनी? कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यात मल्लविनोदाचं प्रकरण आहे. मल्लांच्या प्रती, त्यांचा आहार, त्यांची मेहनत यांची तपशीलवार मांडणी आहे. वजन उचलण्याबरोबर पाण्यातली मेहनत आणि खांबावरची मेहनतही त्यात येते. मल्लखांबाचा सगळ्यांत जुना उल्लेख म्हणून आपण ज्याकडे बोट दाखवतो तो हाच. हा राजा आपल्याला परका नाही. त्याचे वडील सहावे विक्रमादित्य यांनी कराडच्या शिलाहार घराण्यातली राजकन्या चंद्रलेखा वरली, आणि बिल्हणाने त्या स्वयंवराचं वर्णन आपल्या काव्यात केलं. कराडच्या आसमंतात तेव्हा कुस्ती कशी चाले हे सांगता येणार नाही, पण कराडशी सोयरीक असलेल्या दरबारात पाणी आणि खांब ही दोन्ही पैलवानाच्या मेहनतीत धरली जात होती, एवढं नक्की. खांबावर चढणाऱ्याला खांबावरून निसटण्याचा धडाही घ्यावाच लागतो.

सतराव्या शतकाच्या मध्यात समर्थ रामदासांनी या भागात अकरा मारुती स्थापले. त्यांतले शहापूर, मसूर, उंब्रज, चाफळचे दोन, शिंगणवाडी आणि माजगाव हे आजच्या सातारा जिल्ह्यात, बहे आणि शिराळा सांगली जिल्ह्यात, उरलेले दोन कोल्हापुरात. बलोपासनेचा देव गावच्या वेशीत आला आणि त्याच्या अंगणात आखाडा खणणं हे देवाचंच काम झालं. आमच्याकडे आजही मारुतीला नमस्कार केल्याशिवाय हौद्यात कुणी उतरत नाही.

संस्थानी काळात या मेहनतीला राजाश्रय मिळाला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान बांधलं आणि सातारा-सांगलीचे तरुण मल्ल तिकडे ओढले गेले. औंधचे राजे बाळासाहेब पंत प्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला आणि आपल्या संस्थानातल्या शाळांत ते सक्तीचे केले. औंधच्या मुलखात आजच्या सांगली जिल्ह्यातली आटपाडी आणि कुंडल ही ठिकाणंही होती. शाळेत नमस्कार आणि तालमीत जोर, अशी दुहेरी मेहनत तिथल्या पोरांना मिळाली. मी हे माझ्या धंद्याच्या नजरेने बघते तेव्हा मला त्यातली गंमत दिसते: नमस्कारात आणि जोरात तळहात जमिनीवर असतात, कोपर वाकतं, खांदा भार घेतो आणि पुन्हा ढकलतो. पडताना हात टेकलाच तर तो वाकवून भार जिरवायची सवय हीच. शिवाय जमिनीवर जायचं आणि जमिनीवरून उठायचं हे दिवसातून शंभर वेळा केलेल्या माणसाला म्हातारपणीही जमीन परकी वाटत नाही.

कुंडलचं मैदान आजही नावाजलेलं आहे. अशा मैदानात आणि गावोगावच्या जत्रांत सुरक्षेचा आणखी एक नियम पाळला जाई, तो जोड लावण्याचा. हलगी कडाडत असते, पंच दोन पोरांचे हात धरून त्यांना मैदानात फिरवतात, चारी बाजूंची माणसं त्यांना पायापासून खांद्यापर्यंत न्याहाळतात. जोड तोलाची नसली तर गर्दीच ओरडते आणि पंचांना ती मोडावी लागते. त्या काळी वजनकाटा नव्हता, हजारो डोळ्यांचा अंदाज होता. लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर आणि नारळावर लागत. सात-आठ वर्षांचं पोर सगळ्या गावादेखत पडे, माती झटकून उठे आणि रेवड्या घेऊन आईकडे पळत जाई. चारचौघांत पडण्याची लाज त्या वयात निघून जाई. ही लाज मोठेपणी फार घात करते. रस्त्यात तोल गेलेलं माणूस आपण पडलो असं कुणाला दिसू नये म्हणून अंग ताठ करून सावरायला बघतं आणि स्वतःला मोडून घेतं.

या मुलखाच्या इतिहासात एक उडी अशी आहे की तिच्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. २४ जुलै १९४३ या दिवशी स्वातंत्र्यसैनिक वसंतदादा पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी सांगलीचा तुरुंग फोडला. तुरुंग गणेशदुर्ग किल्ल्यात होता. त्यांनी तटावरून खंदकात उड्या टाकल्या आणि कृष्णेकडे धाव घेतली. मागून गोळीबार झाला, त्यात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबुराव जाधव यांना हौतात्म्य आलं, वसंतदादांच्या खांद्याला गोळी लागली. तटावरून झेप घेणारी ती शेतकऱ्यांची पोरं होती. आमच्या भागातली शेतकऱ्यांची पोरं विहिरीच्या काठावरून मुटका मारत आणि गावच्या मातीत पडत उठत वाढायची. धाडस काळजात असतं, पण उंचावरून स्वतःला सोडून देताना अंगाची साथ लागते.

आणि अर्थातच खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरात १९२६ साली जन्मलेला, वडील दादासाहेब स्वतः पैलवान, शाळा कराडची टिळक हायस्कूल. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये खाशाबा गादीवर लढले आणि सहावे आले. मातीतून गादीवर जाणं म्हणजे नुसती जागा बदलणं नव्हे. मातीत पाय रुततो, डाव जरा सावकाश बसतो, पडताना अंगाला क्षणभर सवड मिळते. गादीवर पाय घट्ट धरला जातो, फेक वेगात बसते आणि गादी मऊ असली तरी सवड देत नाही. शिवाय पाठ लागायची वाट कुणी बघत नाही, नुसतं धोक्यात आलं तरी गुण जातात. चार वर्षांनी, २३ जुलै १९५२ रोजी, हेलसिंकीत त्यांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यांच्यासाठी आपलं घर गहाण ठेवलं होतं, ही गोष्ट कराड-कोल्हापुरात प्रत्येकाला ठाऊक आहे. जेमतेम ५७ किलो वजनाच्या गटातला हा माणूस मातीतली लवचीक सवय गादीवर घेऊन गेला, हे मला त्या पदकाइतकंच मोलाचं वाटतं.

१९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तर सांगली जिल्ह्याच्या दोन गावांनी कमाल केली. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर यांनी ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य आणलं. कवठेपिरानचे मारुती माने यांनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली धरता येत नाही, पट काढता येत नाही. उरतं ते छातीला छाती लावून उचलणं आणि मागे फेकणं. शंभर किलोच्या आसपासचा माणूस छातीच्या उंचीवरून फेकला जातो. आपल्या मातीत हा प्रकारच नव्हता, आणि तरी मातीत घडलेल्या दोन मल्लांनी त्यात पदकं मिळवली. फेकणं त्यांना येत होतं हे सगळ्यांना दिसलं. फेकले गेल्यावर ते सावरत होते, हे मातीचं देणं.

तालमीत सगळं छान होतं असं मी म्हणणार नाही. कच्च्या मानेच्या पोरांना पुलावर लवकर घातलं जाई, आणि मानेची इजा ही आयुष्याची इजा असते. निखळलेला खांदा हौद्याच्या कडेलाच बसवून त्यावर आंबेहळद-रक्तचंदनाचा लेप लावत. कधी तो नीट बसे, कधी आतलं मोडलेलं हाड कळतच नसे. आणि या विद्येच्या दारात मुली नव्हत्या. तालमीच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून मी पाहत आले, कोलांट्या मारल्या त्या रानातल्या भुशाच्या ढिगावर. घरात पाणी भरणाऱ्या, ओल्या बांधावरून भारे वाहणाऱ्या बायकांना पडायची वेळ पुरुषांपेक्षा जास्त येते, आणि पाळी गेल्यानंतर हाडंही त्यांचीच जास्त ठिसूळ होतात. ज्यांना ही विद्या सगळ्यांत जास्त हवी होती त्यांच्यापर्यंत ती पोचलीच नाही.

ती कोंडी आता फुटते आहे. मार्च २०२३ मध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली ती सांगलीत, आणि ती जिंकली सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने. त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल २०२२ मध्ये, पुरुषांची महाराष्ट्र केसरी साताऱ्याच्या शाहू स्टेडियममध्ये भरली होती. गर्दी होती, जल्लोष होता. पण गावची तालीम ओस पडते आहे हे त्या गर्दीने लपत नाही. चांगली माती महाग झाली, ती रोज उकरायला पोरं नाहीत. शहरातल्या केंद्रांत गादी आहे, तीही हवी, पण तिथे जातो तो पदकाच्या ओढीने निवडलेला मुलगा. गावातलं प्रत्येक पोर, पुढे शिक्षक होणारं, ड्रायव्हर होणारं, ऊसतोडीला जाणारं, काही महिने मातीत लोळून यायचं, ती रीत बंद झाली.

ती बंद झाल्याचा परिणाम मला टेबलावर दिसतो. सत्तरीतले काही पेशंट येतात, तरुणपणी मेहनत केलेले. ते पडलेले असतात, खरचटलेले असतात, पण मोडलेले क्वचित. आणि पंचविशीतली मुलं साध्या घसरण्याने मनगट मोडून येतात. याची मोजदाद मी केलेली नाही आणि तालीम हेच त्याचं एकमेव कारण असा माझा दावाही नाही. पण नेदरलँड्समधल्या नायमेगनच्या संशोधकांनी प्रयोगशाळेत मोजून पाहिलं आहे: बाजूला पडताना मार्शल आर्टमधल्यासारखं वळून लोळण घेतली, तर हात टेकून पडण्यापेक्षा खुब्यावरचा आघात पाव हिश्श्याच्या आसपास कमी होतो. त्यांनी ज्येष्ठांसाठी पडण्याचे वर्गही घेतले. आबांचा धडा तिथे यंत्रांनी खरा ठरवला.

मी माझ्या पेशंटांना हेच शिकवते, वयाला आणि हाडांना झेपेल तसं. ज्यांची हाडं ठिसूळ आहेत त्यांना पाडायचं नसतं. त्यांना आधी पलंगाचा आधार घेऊन जमिनीवर बसायला आणि उठायला शिकवायचं: कुशीवर वळायचं, कोपर टेकायचं, गुडघ्यांवर यायचं, मग एक पाऊल पुढे ठेवून उभं राहायचं. पडल्यावर उठता न आल्याने तासन् तास फरशीवर पडून राहणं हे मोडण्याइतकंच घातक असतं. जरा धडधाकट असलेल्यांना जाड गादीवर कुशीवर लवंडायला शिकवते. तोल जातोय असं वाटलं की गुडघे वाकवा, म्हणजे पडायची उंची कमी होते. हातातलं सोडा, घागर फुटली तर फुटू द्या. वळा, मांडीची आणि कुल्ल्याची मांसल बाजू आधी लागू द्या. हनुवटी आत. श्वास सोडा. सुरुवातीला बायका हसतात, पदर सावरतात. मग एकदा अलगद लवंडून बघतात आणि पुन्हा करायचं म्हणतात.

एवढं सगळं एका दवाखान्याच्या खोलीत करून भागणार नाही. तालमी आहेत, वस्ताद आहेत, अजून माती मुठीत धरून सांगणारी माणसं आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेतली तिसरी-चौथीची मुलं आणि मुली, दोघंही, आठवड्यातून एकदा गावच्या हौद्यात उतरली पाहिजेत. त्यांना डाव शिकवू नका, पूल शिकवू नका, पैलवान करू नका. माती उकरू द्या, कोलांटी मारू द्या, एकमेकांना अलगद खाली ठेवू द्या. ग्रामपंचायतीने तालमीतल्या खुर्च्या दुसरीकडे हलवाव्यात आणि दरवर्षी दोन ट्रॉली मातीची तरतूद करावी, खर्च तेवढाच आहे. गुडघे मऊ, हनुवटी आत, कोपर वाकलेलं आणि पडल्यावर कुशीवर वळून उठणं, एवढं ज्याला येतं असं मूल सातारा-सांगली या दोन्ही जिल्ह्यांतल्या घराघरात असायला हवं. ते शिकवणारे वस्ताद आज सत्तरी-ऐंशीत आहेत, आणि हे काम त्यांच्या हयातीतच व्हायला हवं.